साखरेची तार : एका चिवट मिठाईची कुळकथा

मनुष्याने काय खाल्ले याचा इतिहास लिहिला जातो. तो कोणते खेळ खेळला याचाही इतिहास अलीकडे लिहिला जाऊ लागला आहे. परंतु जो पदार्थ एकाच वेळी खाऊही असतो आणि खेळणेही असतो, त्याची दखल घेण्यास दोन्ही प्रकारचे इतिहासकार का-कू करताना दिसतात. पाकशास्त्राच्या ग्रंथकारांस तो पोरखेळ वाटतो. आणि खेळांचा इतिहास लिहिणारांपुढे अडचण अशी, की हे खेळणे संध्याकाळपर्यंत पोटात गेलेले असल्यामुळे पुराव्यादाखल काहीच शिल्लक उरत नाही. जत्रेतल्या बांबूच्या काठीवर गुंडाळलेली लाल-पांढरी चिवट मिठाई, होळीच्या दिवशी मुलांच्या गळ्यात पडणारे साखरेचे हार, थंडीच्या दिवसांतली रेवडी, ही सारी अशीच उपेक्षित मंडळी होत. त्यांची कुळकथा वाचकांपुढे मांडावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ती मांडताना आमचे म्हणणे थोडक्यात असे राहील, की ह्या पदार्थांमागे साखरेच्या स्वभावाचे अतिशय सूक्ष्म ज्ञान आहे. ते ज्ञान पोथीत नसून हातांत आहे. आणि ते आज मावळू पाहत असेल, तर त्याचा सगळा दोष कारखान्यांच्या माथी मारून आपली सुटका होण्यासारखी नाही.

प्रथम साखरेचा स्वभाव पाहू. पाण्यात विरघळवून आटवीत आणलेली साखर निवताना दोहोंपैकी एका वाटेने जाते. पहिली वाट कणांची. साखरेचे रेणू ओळीने आपापल्या जागी बसतात, त्यांचे स्फटिक बनतात, आणि पाकाचा ठिसूळ, कणीदार असा खडा होतो. खडीसाखर ह्या वाटेने गेलेली असते. दुसरी वाट तारेची. येथे रेणूंस ओळीने बसण्यास अवधी मिळत नाही, किंवा मध्ये पडून कोणी तरी त्यांस बसू देत नाही. पाक निवत जातो तसा आधी दाट, मग चिवट आणि अखेरीस कठीण होतो; पण त्याचे स्फटिक मात्र होत नाहीत. अशा साखरेस रसायनशास्त्रज्ञ काचेच्या पंक्तीस बसवितात, आणि ते यथार्थ आहे. लिमलेटची गोळी उजेडापुढे धरून पाहावी, म्हणजे हे नाते डोळ्यांसच पटते. काच तापली असता जशी ओढता, पिळता आणि वळविता येते, तशीच ही साखरही येते.

मध्ये पडणारा हा जो कोणी म्हटला, तो बहुधा आंबटपणा असतो. पाकात लिंबू पिळले म्हणजे उसाच्या साखरेचा काही भाग फुटून त्यातून द्राक्षशर्करा आणि फलशर्करा अशा दोन निराळ्या शर्करा निघतात, आणि ह्या दोघी उरलेल्या साखरेस कण धरू देत नाहीत. गुळामध्ये ह्या दोन्ही शर्करा मुळातच थोड्याबहुत असतात. म्हणून गुळाचा पाक साखरेच्या पाकापेक्षा चिवट. संक्रांतीच्या सुमारास वाण्याकडे साधा गूळ न मागता चिक्कीचा गूळ मागावा लागतो, त्यातील मर्म हेच. घरोघरच्या गृहिणींस हे सांगणे नलगे.

किंबहुना गृहिणींनी ह्या शास्त्रास एक स्वतंत्र परिमाणच देऊन ठेवले आहे. पाश्चात्त्य मिठाईवाला पाकात उष्णतामापक यंत्र बुडवितो. सुमारे ११५ अंश सेल्सिअसला पाकाची मऊ गोळी वळते. १५० अंशांच्या आसपास गेला, की थंड पाण्यात पडताच तो काडीसारखा कडकन मोडतो. आमच्याकडे हेच काम अंगठा आणि तर्जनी करतात. पाकाचा थेंब दोन बोटांत धरून बोटे अलग केली, की त्यांच्यामध्ये एक तार निघते की दोन, ती टिकते की तुटते, यावरून पाक एकतारी, दोनतारी की गोळीबंद ते ठरते. म्हणजे साखर किती ताणली जाते, हेच आमचे माप. जो गुण मुलास खेळ वाटतो, तोच गुण त्याच्या आईने मोजपट्टी म्हणून शतकानुशतके वापरला, ही गोष्ट आम्हांस फार सूचक वाटते.

तारेच्या वाटेने जाणाऱ्या साखरेचे पुढचे संस्कार मोठे प्रेक्षणीय असतात. कढलेला पाक तूप वा तेल लावलेल्या दगडी फरशीवर किंवा परातीत ओततात. कडा आधी निवतात, म्हणून त्या पुन्हा पुन्हा मध्यभागी दुमडून घेतात. हातास सोसवेल इतका तो गोळा निवला, की भिंतीत ठोकलेल्या जाड खिळ्यावर वा खुंटीवर तो टाकून खाली ओढावयाचा, ओढलेला पदर पुन्हा वर टाकावयाचा, आणि पुन्हा ओढावयाचा. प्रत्येक दुमडीस पदरांची संख्या दुप्पट होते. दहा दुमडींत १,०२४ पदर होतात, बारा दुमडींत ४,०९६. पदरापदरांत हवा कोंडली जाते. त्या हवेमुळे प्रकाश विखुरतो आणि तपकिरी, पारदर्शक असा तो गोळा पाहता पाहता रेशमासारखा चकाकू लागतो; गुळाचा असेल तर सोनेरी, साखरेचा असेल तर चांदीसारखा पांढरा. त्यात पांढरा रंग कोणी घातलेला नसतो. तो केवळ ओढण्याचा परिणाम. ह्याच पट्ट्याचे तुकडे पाडून ते भाजलेल्या तिळांत घोळविले, की रेवडी होते. त्या पदरांमुळेच रेवडी दाताखाली प्रथम कुरकुरते आणि मग चिकटते. सोनपापडीचे तंतूही ह्याच जातीचे. तेथे पाक ओढताना त्यात तुपात भाजलेले पीठ मिसळीत जातात, एवढाच भेद.

ही विद्या मूळची कोठली, असे कोणी विचारील. तिच्या प्रवासाच्या खुणा शब्दांत राहून गेल्या आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसापासून होणाऱ्या पदार्थांचा जो वर्ग सांगितला आहे, त्यात गूळ, खंड, शर्करा यांच्या जोडीस 'फाणित' असे एक नाव येते. फाणित म्हणजे आटवून दाट केलेला उसाचा रस. आपल्या काकवीचा थोरला भाऊ म्हणावा. हा शब्द इराणात जाऊन पुढे अरबी वैद्यांकडे 'फानीद' होऊन पोचला. तेथे मात्र त्याचा अर्थ पालटला. फानीद म्हणजे ओढून पांढरी केलेली, पीळ दिलेली साखर. खोकल्यावर ती चघळावयास देत. अरबांकडून ती युरोपात गेली, तेव्हा लॅटिन भाषेतील औषधिग्रंथांनी तिचे नाव 'पेनिडियम' केले. स्पेनमध्ये तेच नाव 'अल्फेन्यिके' झाले. त्या भाषेत आज नाजूक प्रकृतीच्या मनुष्यासही अल्फेन्यिके म्हणतात. फुंकर घातली तर मोडेल असा! स्पॅनिश लोकांबरोबर ही साखर मेक्सिकोत गेली, आणि तेथील टोलुका नगरात पितरांच्या सणापूर्वी साखरेच्या कवट्या, मेंढरे आणि शवपेटिका यांचा बाजार आजही दर वर्षी भरतो.

इतर नावांचीही हीच कथा. 'खंड' शब्द फारसी-अरबीत 'कंद' झाला आणि इंग्रजीत 'कँडी' होऊन आमच्याच मुलांच्या तोंडी परत आला. शर्करेची शकर, शकरेची सुक्कर, आणि सुक्करची शुगर झाली. उलट दिशेनेही माल आला. चीन देशाचे स्मरण 'चिनी' ह्या नावात राहिले, मिसर म्हणजे इजिप्त देशाचे 'मिश्री'त. आणि मॉरिशस बेटाची दाणेदार साखर येऊ लागल्यावर गुजराथी घरांत साखरेचे नावच 'मोरस' पडले. साखरेइतका फिरस्ता पदार्थ दुसरा क्वचितच सापडेल.

आता खानदेशाकडे वळू. जळगावच्या पूर्वेस, भुसावळच्या वाटेवर नशिराबाद हे मोठे आणि जुने गाव आहे. मुंबईहून नागपुराकडे जाणारा हमरस्ता त्याच्या अंगावरून जातो. पूर्वेस वाघूर नदी, आणि रेल्वेचे भादली स्थानक जवळच. इंग्रजी अमदानीत १८८० साली खानदेश जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले, त्यात तालुक्याचे नाव नशिराबाद असेच आहे. जळगाव हे त्या तालुक्यातील एक वाढते शहर होते. पुढे रेल्वे आणि कापसाचा व्यापार ह्यांनी जळगावास थोरपण दिले. ही भूमी कपाशीची, ज्वारीची आणि केळीची. उसाचे मळे येथे कोल्हापूर-नगरकडच्या मानाने थोडे. असे असूनही, किंवा असे असल्यामुळेच, साखर ही येथे सणाची आणि जत्रेची वस्तू राहिली. रोजच्या जेवणात जी नाही, तिचे कौतुक जत्रेत अधिक.

ह्या मुलखात साखरेच्या दोन्ही वाटा दोन निराळ्या प्रसंगी दृष्टीस पडतात. कणांची वाट होळीस. फाल्गुन लागला, की बाजारात साखरेच्या माळा आणि बांगड्या टांगलेल्या दिसू लागतात. त्यांस कोणी हार-कडे म्हणतात, कोणी हार-कंगन. इतर महाराष्ट्रात हीच वस्तू गाठी ह्या नावाने गुढीपाडव्यास गुढीवर चढते. खानदेशात ती त्यापूर्वी होळीसच लहान मुलांच्या गळ्यात आणि मनगटात पडते. हिची करणी अशी. लाकडाच्या दोन फळ्यांत पदकांचे आकार कोरलेले असतात. मध्ये दोरा घालून फळ्या एकीवर एक आवळतात आणि तोंडातून तापलेला पाक आत ओततात. पाक कण धरतो, दोऱ्यास घट्ट बिलगतो, आणि थोड्याच वेळात फळ्या उघडल्या की शुभ्र माळ हाती येते. येथे साखर चिवट राहिली तर काम बिघडते. माळ साच्यास चिकटून बसेल. म्हणून पाक कण धरील अशी खटपट कारागीर करतो. दागिना म्हणून घालावयाचा आणि भूक लागली की त्यातील एक पदक मोडून खावयाचे, ही कल्पना ज्या कोणास प्रथम सुचली, त्यास मुलांचे मन पुरे कळलेले होते. संक्रांतीस नव्या सुनेच्या आणि तान्ह्या बाळाच्या अंगावर घालावयाचे हलव्याचे दागिने ह्याच कुळातील. पण त्यांत मुलापेक्षा थोरांची हौस अधिक. होळीचा हार मात्र मुलाचाच.

तारेची वाट जत्रेत भेटते. वैशाखात अमळनेरास बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. मार्गशीर्षात दत्तजयंतीस सारंगखेड्यास घोड्यांचा बाजार जमतो. अशा ठिकाणी, आणि गावोगावच्या आठवडी बाजारातही, गोडी शेव आणि रेवडी यांच्या ढिगांपलीकडे एक मनुष्य उंच बांबू खांद्यावर घेऊन हिंडताना दिसे. क्वचित अद्यापही दिसतो. बांबूच्या टोकास एक बाहुली; दोरी ओढली की ती टाळ्या वाजवी आणि तिच्या पायांतील घुंगरे खुळखुळत. बाहुलीच्या खाली बांबूभोवती जाड पट्ट्यासारखी मिठाई गुंडाळलेली, गुलाबी, पांढरी, कोठे पिवळी. दक्षिणेकडे हिला 'बॉम्बे मिठाई' म्हणतात, हे मुंबईकरांस ऐकून नवल वाटेल. मिठाई तीच ओढलेली. फक्त पाकास ताव थोडा कमी आणि लिंबू थोडे अधिक, जेणेकरून ती रेवडीसारखी कडक न होता दिवसभर चिवट राहावी. हवेतील दमट ती झटकन शोषून घेते. सबब पावसाळ्यात हा धंदा होत नाही. खानदेशची कोरडी हवा, कार्तिकापासून वैशाखापर्यंतची, त्यास मानवते.

परंतु ह्या मिठाईचे खरे वैशिष्ट्य चवीत नाही. चव म्हणाल तर साखरेची. तीहून निराळी ती काय असणार? वैशिष्ट्य आहे ते देण्याच्या पद्धतीत. हा विक्रेता वजन करून पुडी बांधून देत नाही. तो विचारतो, काय करू? आणि समोरचे पोर, नशिराबादकडील असेल तर, "मले घड्याय पाहिजे" म्हणते. तो बांबूवरून एक पदर ओढतो. पदर लांबत जातो, बारीक होतो. दोन बोटांनी तो पिळला जातो, त्याचे एक वेटोळे होते, वेटोळ्यास पट्टा फुटतो, आणि पाच-सात श्वासांच्या आत घड्याळ तयार होऊन पोराच्या मनगटावर बसते. कोणास मोर, कोणास विंचू, कोणास अंगठी, कोणास सायकल. साचा नाही, वजन नाही, दोन घड्याळे कधी एकसारखी नाहीत. वर एक लहानसा तुकडा वेगळा तोडून फुकट हातावर ठेवावयाचा. तेवढ्याने पोर पुन्हा येते.

ह्या आकारांची यादी आम्हांस एखाद्या दफ्तराइतकी बोलकी वाटते. घड्याळ, सायकल, विमान, अंगठी ह्या वस्तू त्यात का आल्या? ज्या घरात बापाच्या मनगटासही घड्याळ नव्हते, त्या घरातील मूल एका पैशात घड्याळ बांधून मिरवीत होते. ते घड्याळ वेळ दाखवीत नसे, हा त्याचा दोष कोणी मानला नाही. खेड्यातील मुलास त्या त्या काळी काय हवेसे वाटे आणि काय मिळत नसे, याचा हिशेब कोणत्याही सरकारी अहवालात नाही. तो ह्या साखरेच्या आकारांत होता. शिवाय विक्रेत्याचे अर्थशास्त्रही विचार करण्यासारखे आहे. साखर महाग आणि गिऱ्हाइकाजवळ पैसा थोडा, अशा स्थितीत त्याने साखरेत हवा आणि हवेत करमणूक मिसळली. थोडक्याच साखरेत भरपूर आकार आणि त्याहून भरपूर कौतुक. ह्यास फसवणूक म्हणणे अरसिकपणाचे होईल. कारण पोराने पैसा दिला तो करमणुकीसाठीच, आणि साखर वरकड मिळाली.

असा कारागीर आपल्याच देशात आहे असे नाही. जपानमध्ये 'अमेझाइकु' नावाची कला आहे. तांदळासारख्या धान्याच्या पिष्टापासून केलेला चिवट, ऊन गोळा काडीवर घेऊन लहानशा कात्रीने त्याचे मासे, पक्षी, बेडूक कातरतात. गोळा निवण्याच्या आत काम उरकावे लागते. तुर्कस्तानात रंगीबेरंगी चिवट 'माजून' काडीवर गुंडाळून रस्त्यात विकतात. तिन्ही ठिकाणी नियम एकच: पदार्थ मुलाच्या डोळ्यांदेखत घडला पाहिजे.

ह्यानंतर कारखाना आला. १९३२ साली परदेशी साखरेवर जकात बसवून देशी धंद्यास संरक्षण देण्याचा कायदा झाला, आणि तोवर हिंदुस्थानात जेमतेम तीसेक असलेले साखरेचे कारखाने थोड्याच वर्षांत शंभराच्या वर गेले. त्या लाटेतच १९३३ साली शेठ वालचंद हिराचंद ह्यांनी मालेगाव तालुक्यात, खानदेशच्या वेशीवर, रावळगावचा साखर कारखाना उभारला. जी गिरणा पुढे जळगाव जिल्ह्यातून वाहत तापीस मिळते, तिच्याच खोऱ्यातील हे गाव. १९४२ साली तेथे गोळ्या बनू लागल्या. मुंबईकडे विलेपार्ले येथे पार्ल्याच्या कारखान्याचा आरंभ १९२९ सालीच अशा गोळ्यांनी झाला होता. बिस्किटे मागाहून दहा वर्षांनी आली. 'रावळगाव' हा शब्द पुढे कित्येक घरांत गावाचे नाव न राहता गोळीचे नाव झाला.

कारखान्याने केले ते काही निराळे नव्हे. लिंबाच्या जागी मक्याच्या पिष्टापासून केलेला द्राक्षशर्करेचा दाट पाक आला. उघड्या कढईच्या जागी निर्वात भांडे आले, ज्यात पाणी कमी उष्णतेवर उडते आणि साखर करपत नाही. खिळ्याच्या जागी ओढणारे यंत्र आले, हातांच्या जागी रूळ आणि ठसे. साखरेची तारेची वाट तीच. परंतु गोळी कागदात गुंडाळली गेली, आणि येथेच खरा बदल झाला. कागदाने तिला माशी, धूळ आणि दमट हवा यांपासून वाचविले. मुंबईची गोळी नशिराबादेस तशीच्या तशी, त्याच किमतीस मिळू लागली. पावसाळाही तिला आड येईना. ह्या लाभांस कमी लेखणे हा निव्वळ कृतघ्नपणा होईल. पण त्या कागदाने मुलाचा विचारण्याचा हक्कही गुंडाळून टाकला. गोळीस काय व्हावयाचे ते आधीच ठरलेले असते. तिच्याशी जो काही खेळ उरला, तो कागदाच्या चुरचुरण्याचा.

ओढण्याची हौस मात्र मुलांच्या हातून सुटली नाही, आणि कारखान्यांसही ती पुरवावी लागली. १९२८ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया नगरात फ्लीअर कंपनीच्या वॉल्टर डीमर नावाच्या हिशेबनिसाने फुगा येणारा चिवट डिंक सिद्ध केला. तो गुलाबी झाला याचे कारण एवढेच, की कारखान्यात त्या वेळी तोच रंग हाताशी होता. जत्रेत म्हातारीचे केस म्हणून मिळणारा साखरेचा कापूसही यंत्राचेच अपत्य. ते यंत्र १८९७ साली अमेरिकेत विल्यम मॉरिसन आणि जॉन व्हार्टन ह्या दोघांनी काढले. ह्यांतील मॉरिसन हा धंद्याने दंतवैद्य होता. त्याच्या दूरदृष्टीविषयी वाचकांनी हवा तो तर्क करावा!

येथवर आम्ही जे सांगितले, त्यावरून जुने ते सोने असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो आमच्या मते अर्धवट होईल. बांबूवरची मिठाई उघडी असे. तिच्यावर रस्त्याची धूळ बसे, आणि एकच हात बांबूस, पैशास आणि मिठाईस लागे. त्याहून गंभीर गोष्ट रंगाची. कापड रंगविण्याचे भडक रंग स्वस्त मिळत. गुलाबीसाठी ऱ्होडामाइन, पिवळ्यासाठी मेटॅनिल. हे पोटात जाण्यासाठी बनविलेलेच नाहीत. १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. पुढे त्याची जागा २००६ च्या अन्नसुरक्षा आणि मानके कायद्याने घेतली. आणि खाद्यपदार्थांसाठी कृत्रिम रंगांपैकी मोजके आठच मान्य झाले. तरीही २०२४ च्या फेब्रुवारीत पुदुचेरी आणि तमिळनाडू येथे साखरेच्या कापसात ऱ्होडामाइन-बी सापडले, आणि तेथील सरकारांनी त्याच्या विक्रीवर बंदी घातली. ज्या आयांनी आपल्या मुलांस जत्रेतील गुलाबी मिठाईपासून ओढून दूर नेले, त्यांनी योग्य तेच केले.

परंतु येथे एक भेद करावयास हवा, आणि तो सहसा केला जात नाही. विष रंगात होते, ओढण्यात नव्हते. दूषित होता तो हात. हातातील विद्या दूषित नव्हती. सुशिक्षित मध्यमवर्गाने मात्र रंग, धूळ, मिठाई, कारागीर आणि त्याचा बांबू ह्या सर्वांस एकाच नावाने निकालात काढले. ते नाव 'गलिच्छ'. ज्या घरांतून मुलांचे शिक्षण, मुलांचे खेळ, मुलांच्या हातांस वळण लावणे ह्यांविषयी वर्षानुवर्षे चर्चा होते, आणि मातीचे व कागदाचे हस्तकाम शाळेत शिकविण्यासाठी खर्च होतो, त्याच घरांस दारावरून जाणारा हस्तकामाचा शिक्षक दिसला नाही. कायद्यासही तो दिसत नाही. कायद्यास पदार्थ शुद्ध की भेसळीचा एवढेच कळते. पदार्थ कोणी, कोणासमोर, कोणत्या कौशल्याने घडविला, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा. कायद्याने तो विचारावा असे आम्ही म्हणत नाही. तो समाजाने विचारावयाचा असतो.

आणि कारखाना तरी अमर कोठे? ज्या रावळगावच्या गोळीने बांबूवाल्याचे गिऱ्हाईक नेले, तिची नाममुद्रा २०२४ साली २७ कोटी रुपयांस रिलायन्सकडे गेली. तिच्याबरोबर पाककृतीही विकल्या गेल्या. कारण कारखान्याची कृती कागदावर असते आणि कागद विकता येतो. बांबूवाल्याची कृती कोणी विकत घेऊ शकला नाही, कारण ती त्याच्या बोटांत होती. कारखाना बुडाला तर नाव उरते. कारागीर गेला तर काही उरत नाही. इतिहासकाराने ह्या दोहोंपैकी कोणाची चिंता अधिक करावी, हे सांगावयास नको.

उपाय फार मोठा नाही. जपानात अमेझाइकुचा कारागीर आज दुकानात बसून मुलांसमोर काम करतो. मेक्सिकोच्या टोलुका नगराने साखरेच्या कवट्यांसाठी बाजार राखून ठेवला आहे. आपल्याकडे २०१४ च्या कायद्याने रस्त्यावरील विक्रेत्यास बसण्याचा हक्क दिला आहे, आणि अन्नसुरक्षेच्या कायद्यात लहान विक्रेत्याच्या नोंदणीची सोय आहे. मान्य रंगाची लहानशी बाटली, झाकण असलेली पेटी आणि धुण्यास पाणी, एवढ्यात ही विद्या निर्दोष होते. किंबहुना रंगाची गरजच काय? गुळाचा पाक ओढला की तो आपसूक सोनेरी होतो, साखरेचा आपसूक रुपेरी. आमच्या पूर्वजांनी हे दोन रंग फुकट मिळविले होते. बाटलीतला तिसरा रंग मागाहून आला. अमळनेरच्या वा सारंगखेड्याच्या यात्रेत अशा एका कारागिरास नीट जागा देणे तेथील स्थानिक संस्थांस अवघड जाऊ नये, आणि शाळेच्या हस्तकामाच्या तासास त्याला एक दिवस बोलावणे शिक्षकांसही.

तोवर ह्या विद्येचा एक धागा तरी आपल्या घरात शाबूत आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी चिक्कीचा गूळ विस्तवावर असतो. आई चमच्यावरचा थेंब दोन बोटांत धरून पाहते, आणि शेजारी उभे असलेले मूल तो थेंब मागते. तो त्याच्या बोटांत द्यावा. पाक निवलेला आहे ना, एवढे मात्र आधी पाहावे. तार किती लांबते ते त्याने स्वतः ओढून पाहावे, ती तुटली म्हणजे हसावे, आणि मग बोटे चाटावी. एकतारी आणि दोनतारी ह्या शब्दांचा अर्थ कोशात पाहून कळत नाही. तो असाच कळतो.